म्हातारीचा उलटा काटा

किल्ली फिरवली की इंजिन बंद असतानाच तेलाच्या दाबाचा काटा तबकडीच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा, आणि इंजिन सुरू झालं की खाली खाली येत शून्यावर आडवा व्हायचा. हे उलटं आहे एवढं वहिनीलासुद्धा कळत होतं. आणि वहिनीला त्या गाडीतलं कळत होतं ते एवढंच, की डावीकडचं दार आधी उचलायचं आणि मग ओढायचं.

गाडीला घरात सगळे म्हातारी म्हणत. सासऱ्यांनी घेतलेली, चारही चाकांना जोर असलेली, डोंगरातल्या दगडगोट्यांवरून न कुरकुरता चढणारी. सासरे गेले. त्यांचं पंपदुरुस्तीचं दुकान राहिलं, म्हातारी राहिली आणि दोन मुलगे राहिले. थोरला म्हणजे वहिनीचा नवरा. तो दुकानात बसून जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचा. धाकटा डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन विहिरींत पंप उतरवायचा. हात दोघांचेही चांगले. इथे पंप टाकला की माणसं निर्धास्त घरी जायची. सगळं कसं झकास होतं, फक्त दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर हसाल. एका गिऱ्हाइकासमोर थोरल्यानं धाकट्याच्या हातातला पाना काढून घेतला होता. "आण इकडे, तुला नाही जमायचं," इतकंच म्हणाला. आणि मग तो नट थोरल्याच्या हातूनही सुटला नाही. गिऱ्हाईक उभं राहून बघत होतं. त्या दिवशी धाकट्यानं तोंड मिटलं. थोरल्यानं थोडी वाट पाहिली आणि मग त्यानंही मिटलं. तोवर तो धाकट्याला बारक्या म्हणायचा, सासरे म्हणायचे तसंच. आता बारक्याचा 'तो' झाला होता. तिसरा उन्हाळा चालू होता. घर एक, दुकान एक, गाडी एक, आणि मध्ये वहिनी.

"त्याला सांग," थोरला म्हणायचा.

"दादाला सांग," धाकटा म्हणायचा.

दोघांमध्ये कधी एखादं टेबल असायचं, कधी तेही नसायचं. तरी निरोप वहिनीकडूनच जायचा. सुरुवातीला ती बिचारी निरोप जसाच्या तसा पोचवायची. पण "उद्या लवकर निघायचंय, आणि म्हणावं, तुला उठवायला वाजंत्री लावणार नाही," असला निरोप जसाच्या तसा दिला की त्याचं उत्तरही तसंच यायचं, आणि दोन्हीकडच्या शेलक्या शब्दांनी भाजून निघायची वहिनी. म्हणून ती भाजी निवडावी तसे निरोप निवडायला लागली. किडकं मोडून टाकायचं, चांगलं तेवढं पुढे द्यायचं. "भाऊजी, उद्या लवकर निघायचंय." झालं.

मग एकदा धाकटा तापानं फणफणला. थोरला दारातून डोकावला आणि काही न बोलता निघून गेला. वहिनीनं तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या पदरचं घातलं. "हे विचारत होते, औषध घेतलंत का." धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. तसाच म्हणाला, "घेतलं म्हणून सांग." तो आवाज ऐकून वहिनीला वाटलं, यात पाप असेल तर असू दे, मी बघून घेईन. तेव्हापासून ती दोन्हीकडे थोडं थोडं घालत राहिली. हे विचारत होते, जेवलात का. भाऊजी विचारत होते, पाठ कशी आहे. कुणाला काही कळलं नाही. घर चालत राहिलं.

आणि मग हा काटा उलटा झाला.

त्या आठवड्यात थोरला सामान घेऊन वरच्या वस्तीकडे निघाला आणि अर्ध्या चढावरून परत आला. चेहरा पार उतरलेला. "तेलाला दाबच नाही," तो म्हणाला. "जितकं रेटावं तितका काटा खाली. इंजिन संपलं." पाण्याचा तांब्या रिकामा करून तो पुढे म्हणाला, "त्याला सांग, बापाची गाडी खाल्ली त्यानं. तेल न बघता हाणली असणार. गाड्या घेणाऱ्या माणसाला मी सोमवारी बोलावलंय. विकून टाकू. आणि दुकानाच्या मधोमध भिंत घालू. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

हा निरोप निवडायला घेतला तर हातात काहीच उरत नव्हतं. वहिनीनं धाकट्याला एवढंच सांगितलं, "गाडी विकायची म्हणतायत."

धाकटा खिडकीत बसून बुटांचा चिखल काढत होता. "विकू दे," तो म्हणाला. "बंदरावरची कंपनी केव्हाची बोलावतेय मला. मोठ्या पंपांचं काम आहे. म्हातारी नाही तर मला इथे आहे काय?" रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू, विचार करून बोलला.

ती या घरात आली तेव्हा हा दीर अर्ध्या चड्डीत होता. त्याची गणितं, त्याचे फुटलेले गुडघे, त्याची परीक्षेच्या आदल्या दिवशीची रडारड, सगळं तिनं निस्तरलं होतं. बंदर म्हणजे वर्षातून एकदा दिसणारा माणूस. तिनं त्या दिवशी कुणाचा निरोप नसताना दोघांनाही तेच वाक्य ऐकवलं. "सोमवारच्या आत गाडी नीट तपासा. इंजिन खरंच गेलं असेल तर काय हवं ते करा. नसेल गेलं, तर मग मला विचारून करा." दोघांनीही मान हलवली. वेगवेगळ्या खोल्यांत.

म्हणून रविवारी सकाळी तिघं शेडमध्ये उभी होती. थोरला बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेला. धाकटा ड्रायव्हरच्या जागेवर, पाठ ताठ. आणि वहिनी मडगार्डला टेकून, दोघांच्या बरोबर मध्ये. हे काम एकट्यानं होत नाही, ही त्यातली गोम. इंजिनाच्या बाजूला वाटीएवढा एक भाग आटे फिरवून बसवलेला असतो, त्याला हे दोघे सेंडर म्हणत. त्याला तेलाचा दाब कळतो, आणि तो एका तारेतून समोरच्या मीटरला कळवतो. मीटर काटा हलवतो. म्हणजे एकानं सेंडरपाशी तारेला हात लावायचा आणि दुसऱ्यानं आत बसून काटा वाचायचा. एवढी साधी गोष्ट. फक्त वाचणाऱ्यानं तोंड उघडायला हवं.

तेलाची दांडी काढून झाली होती. तेल खुणेपर्यंत भरलेलं आणि स्वच्छ.

"दादाला सांग, मघाशी पुटपुटलास ना, तेल न बघता हाणली म्हणून. आता बघ म्हणावं, कुणी बघितलं नव्हतं ते."

"तेल बरोबर आहे म्हणतायत," वहिनी म्हणाली.

"तेल आहे, दाब नाही," बॉनेटमधून आवाज आला. "अक्कल असली तर कळेल म्हणावं."

"दाबाचं बघू म्हणतायत."

"दाब नसता तर इंजिन खडखडलं असतं. ऐक म्हणावं, कान असले तर."

"आवाज चांगला आहे म्हणतायत."

दुकानातला पाण्याचा दाब मोजायचा मापक लावून बघावा, असं धाकट्यानं सुचवलं. थोरल्यानं तो आणला, पण त्याचे आटे इंजिनाच्या भोकाशी जुळेनात. तो मापक टेबलावर आपटून थोरला परत वाकला. "किल्ली फिरवायला सांग. नुसती किल्ली, इंजिन नको."

धाकट्यानं ते ऐकलं होतंच, पण वहिनीनं सांगेपर्यंत थांबला. मग किल्ली फिरवली. "टोकाला गेला," तो म्हणाला.

"टोकाला गेला म्हणतायत."

"कोणत्या टोकाला?"

"कोणत्या टोकाला?" वहिनीनं विचारलं.

"भरपूर दाबाच्या."

थोरला डोकं वर काढायला गेला आणि बॉनेटच्या कडेवर आपटला. "इंजिन बंद आणि भरपूर दाब? म्हणजे वायरही जाळून ठेवलीय. त्याला सांग."

वहिनीनं यातलं काहीच सांगितलं नाही. तिच्या मनात भलतंच चाललं होतं. बंद इंजिनाला दाब कुठून आला? चुलीवरून उतरवलेलं भांडं कधी जास्त उकळतं का? तिनं तसं विचारूनही टाकलं.

"तू मध्ये बोलू नकोस," थोरला म्हणाला.

"मी मध्येच उभी आहे," वहिनी म्हणाली.

मग थोरल्यानं सेंडरवरची तार उपटली. त्याच्या हिशेबानं, तार काढली की काटा शून्यावर पडायला हवा. "काय झालं?"

"टोकालाच आहे," धाकटा म्हणाला.

"टोकालाच आहे."

"शक्य नाही. नीट बघायला सांग. वर आहे की खाली?"

इथून पुढे वहिनीची दांडी गुल झाली. तबकडी अर्धगोल होती, काटा डावीकडून कमानीतून उजवीकडे जायचा. म्हणजे मधोमध असताना तो सगळ्यात उंच, आणि भरपूर दाबाला पुन्हा खाली. धाकटा "खाली" म्हणाला तेव्हा त्याला म्हणायचं होतं उजवीकडे खाली, थोरल्यानं ऐकलं शून्य, आणि "आत्ता कसं" म्हणून तो मोकळा श्वास घेतो न घेतो तोच धाकटा म्हणाला, "पण भरलेल्या बाजूला." थोरला म्हणाला, बायकोला साधा निरोप देता येत नाही. वहिनी म्हणाली, तर मग स्वतः द्या. थोरल्यानं पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

शेवटी ठरलं की टोक म्हणायचं नाही, वर म्हणायचं नाही, खाली म्हणायचं नाही. डाव्या दारापासून लांब की डाव्या दाराजवळ, एवढंच बोलायचं. थोरल्यानं तार इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. आता काटा भरपूर दाबावर, म्हणजे दारापासून लांब जायला हवा होता.

"दाराजवळ आला," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजातही आता चक्रावल्यासारखं काहीतरी होतं.

"दाराजवळ," वहिनी म्हणाली.

थोरल्यानं तार सोडली. पुन्हा टेकवली. पुन्हा सोडली. प्रत्येक वेळी काटा त्याच्या मनाविरुद्ध गेला. धाकट्यानं नवी तार आणली, थेट मीटरपासून सेंडरपर्यंत टाकली. काहीच फरक नाही. इंजिन सुरू करून बघितलं, रेटून बघितलं. जितकं रेटावं तितका काटा शून्याकडे. म्हातारी मात्र मजेत गुरगुरत होती, तिला कसलाच त्रास नव्हता.

थोरला घामाघूम होऊन सरळ उभा राहिला. त्याच्याकडे बघून वहिनीला कसंतरी झालं. हा माणूस जळालेली मोटार नुसती हुंगून कुठे जळालीय ते सांगायचा. आज त्याला काही म्हणता काही समजत नव्हतं, आणि न समजण्याची त्याला सवय नव्हती. "तबकडी बापाच्या वेळची," तो स्वतःशीच म्हणाला. "सेंडर खरा, या गाडीचाच, माझ्या कपाटातला. बुधवारी मीच बसवलाय. मग खोट आहे कशात?"

तिकडे आत धाकटा स्टीयरिंगवर हात ठेवून स्वतःशीच म्हणत होता, "माझ्या जोडीत तर खोट नाही."

इंजिन बंद होतं. दोघे इतक्या हळू बोलले की दोन्ही वाक्यं फक्त मध्ये उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आली.

वहिनी मडगार्डवरून उठली. "चहा टाकते," म्हणाली आणि घरात गेली. चहा टाकला नाही. ओट्याला धरून उभी राहिली.

जोडी. हा शब्द तिनं आधी ऐकला होता. गेल्या महिन्यात धाकटा हात पुसत आला होता आणि म्हणाला होता, "दादाला सांग, म्हातारीचा तेलाचा मीटर मेला होता, मी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा घातलाय. बापाची तबकडी तशीच ठेवलीय, आतलं यंत्र तेवढं बदललंय. सेंडरही त्याच गाडीचा लावलाय, ती जोडी आहे, एकाला हात लावायचा नाही. आणि सांग, तुझ्यासारखं अर्धं काम करून गिऱ्हाइकासमोर मिरवायची मला सवय नाही." तो पान्याचा राग अजून ताजा होता. वहिनीनं तो तोडून टाकायचं ठरवलं. पण जोडी, भंगार, यंत्र यातलं तिला काही कळलं नव्हतं, आणि सगळं एका दमात, एकाच सुरात आलं होतं. थोरल्यापाशी जाऊन ती म्हणाली होती, "भाऊजींनी म्हातारीची डागडुजी केलीय."

आणि परवाच्या बुधवारी थोरला म्हणाला होता, "त्याला सांग, सेंडरमधून तेल पाझरत होतं. कसलं भंगार लावलं होतंस? काढून माझ्याकडचा खरा लावलाय. डोळे उघडे ठेवून गाडी चालवत जा म्हणावं." तिनं धाकट्याला सांगितलं होतं, "ह्यांनी गाडी पुसूनबिसून ठेवलीय."

तिला त्या यंत्रातलं अजूनही कळत नव्हतं. पण एकानं जोडी लावली आणि दुसऱ्यानं जोडीतला एक काढला, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही, एवढं कळायला यंत्र कशाला कळायला हवं? त्यांनी सांगितलं होतं. दोघांनीही इमानदारीत सांगितलं होतं. निरोप अडला होता तो तिच्यापाशी.

आता सोपं होतं म्हटलं तर. बाहेर जाऊन तेवढंच सांगायचं, सेंडर बदललाय, मीटर बदललाय, मोकळं व्हायचं. पण ती जागची हलली नाही. कारण पहिला प्रश्न येणार, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आणि दुसरा येणार, अजून काय काय सांगितलं नाहीस? आणि त्याच्या पाठोपाठ तो तिसरा. तिनं न सांगितलेलं परवडलं असतं. तिनं जे घालून सांगितलं होतं, त्याचं काय? दादानं औषधाचं विचारलं या एका गोष्टीवर धाकटा इतके दिवस या घरात राहिला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हे कळल्यावर म्हातारी दुरुस्त होऊन उपयोग काय, तो त्याच गाडीतून बंदराला जायचा.

तिला खूप भीती वाटली. आजवर स्वतःला शहाणी समजत होती, दोघा वेड्यांना सांभाळते म्हणत होती. आज पहिल्यांदा तिला कळेना की आपण सांभाळत होतो की कोंडून ठेवत होतो. पण न सांगावं तर उद्या सोमवार. तो माणूस येणार, म्हातारीच्या इंजिनावरून वाद होणार, भिंत उभी राहणार. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं न पुसताच शेडमध्ये आली.

"भाऊजी, खाली उतरा," ती म्हणाली. "तुम्हीही बॉनेटमधून बाहेर या. मी आता दोन निरोप देणार आहे. जुने आहेत. जसेच्या तसे देणार आहे, मध्ये कुणी बोलायचं नाही."

आणि तिनं दिले. आधी धाकट्याचा थोरल्याला. जोडी, भंगारातलं यंत्र, बापाची तबकडी, आणि शेवटचं ते मिरवण्याचं वाक्यही. थोरल्याचे कान लाल झाले. मग थोरल्याचा धाकट्याला. पाझरणारं तेल, खरा सेंडर, आणि उघडे डोळे. धाकट्यानं जबडा आवळला. इतके दिवस तिनं चुलीत घातलेले शब्द शेडमध्ये सगळ्यांच्या देखत पडले होते, आणि तिला वाटलं, आता पाना फेकून मारतील.

पण दोघे बघत होते ते एकमेकांकडे नाही, गाडीकडे.

"दुसऱ्या गाडीचा मीटर," थोरला म्हणाला, कुणालाच नाही, हवेला. "त्याची चाल उलटी असणार. आमचा सेंडर दाब वाढला की विजेचा विरोध कमी करतो, त्या जातीचा वाढवत असेल. म्हणून बंद असताना टोकाला."

"आणि रेटलं की शून्य," धाकटा म्हणाला. तोही हवेलाच.

"म्हणजे दाब चांगलाच आहे."

"होताच."

वहिनीच्या हे सगळं डोक्यावरून गेलं. इतकंच समजलं की इंजिन जिवंत आहे. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण थोरला तिच्याकडे वळला होता, आणि आता तो पहिला प्रश्न येणार होता. तो आला नाही. त्यानं एकदम तिसराच विचारला.

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा," तो म्हणाला, "तू म्हणालीस, तो रोज विचारतो. दिसतं का म्हणून."

वहिनीनं खाली बघितलं. "ते माझंच होतं."

"आणि पाठीचं?"

"तेही."

धाकटा बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी त्या तापातल्यासारखा होता. "आणि औषधाचं, वहिनी?"

तिनं नुसती मान हलवली. धाकट्यानं चिंधी उचलली आणि स्वच्छ असलेले हात पुसायला लागला. थोरला गाडीच्या दिव्याकडे बघत उभा राहिला. दोघेही रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, घरी परतावं आणि कुलूप बदललेलं असावं तसे ते दिसत होते. ते बघवेना तिला.

"झालं माझं," वहिनी म्हणाली. "आता मी काही सांगणार नाही. इकडचं तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. तुमचं तुम्ही बघा." तिला वाटलं होतं हे ठणकावून येईल. पण मध्येच आवाज फाटला, आणि ती वळून घरात आली.

स्वयंपाकघराची खिडकी शेडकडे उघडत होती. ती खिडकीकडे पाठ करून कांदा चिरायला बसली. कांद्याचं बरं असतं, डोळ्यांना कारण मिळतं. बाहेर काहीच आवाज नव्हता. मग डब्यात हात घालून काहीतरी शोधल्याचा खडखडाट. थोरल्यानं काढून टाकलेला सेंडर शोधत असावा. मग आटे फिरवल्याचा किरकिर आवाज. मग बॉनेटवर कुणीतरी बोटं वाजवली. मग पुन्हा काही नाही. गाडीचं दार उचलून ओढल्याचं तिला ऐकू आलं. म्हणजे एक आत बसला होता. एक बाहेर होता. आणि मध्ये कुणी नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. चिरलेला कांदा तिनं पुन्हा बारीक चिरला.

"काय दाखवतोय?"

थोरल्याचा आवाज होता. नेहमीपेक्षा जाड.

वहिनीनं सुरी खाली ठेवली. तिनं डोळे मिटले. बोल रे, ती मनात म्हणाली.

"किल्ली फिरवलीय," धाकटा म्हणाला. "शून्य."

"शून्यच पाहिजे. मार स्टार्टर."

म्हातारी खोकली आणि गुरगुरायला लागली.

"आता?"

"मधोमध."

"रेट जरा."

"चढतोय."

"डोळे उघडे ठेवून बघतोयस ना?"

"उघडेच आहेत. तू आट्यांवर टेप किती गुंडाळलीस? जास्त गुंडाळलीस तर लोखंडाला लोखंड लागणार नाही, अर्थिंग तुटेल."

"दोन फेरे. नुसतं बसवून मोकळा झाला होतास, म्हणून पाझरत होतं. टेप लावायला काय झालं होतं?"

"विसरलो."

"विसरलास," थोरला म्हणाला.

वहिनी ऐकत होती. सगळे शेलके शब्द जसेच्या तसे इकडून तिकडे जात होते, त्यांतलं एकही कुणी निवडत नव्हतं, आणि आकाश कोसळलं नव्हतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि यातलं कुठलं आधी आलं ते तिलाच कळलं नाही. मग इंजिन बंद झालं. फोनवर थोरला कुणाला तरी म्हणत होता की उद्या यायची गरज नाही, गाडी विकायची नाही.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत तेल होतं. वहिनी चुलीकडे तोंड करून उभी होती. दुपार झाली होती आणि सकाळपासून कुणाच्याही पोटात काही नव्हतं.

"त्याला सांग," थोरला म्हणाला, सवयीनं.

वहिनीनं मागे वळून पाहिलं नाही. पातेल्यात पळी फिरवत राहिली. थोरला तसाच उभा राहिला. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्याची पावलं मागे गेली, पायरीपर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"बारक्या," त्यानं हाक मारली.

शेडमध्ये हातोडीचा आवाज चालू होता तो थांबला.

"काय?"

"जेवलास का?"

धाकटा सकाळपासून थोरल्यासमोरच होता. जेवला नाही हे याला माहीत होतं, आणि याला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं.

"नाही अजून," धाकटा म्हणाला. "हात धुतो, दादा. थांब."